वचन मिळालंय, मग गोदामाची नोकरी घ्यायची का?

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४६, खासगी शाळेत शिक्षिका, पगार १४,००० रुपये. यजमान ४९ वर्षांचे. पिथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात त्यांची १७ वर्षं गेली, शेवटी सुपरवायझर होते. गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत त्यांनी वचनाची चिठ्ठी उचलली, म्हणजे नव्या वर्षासाठी बायबलमधलं एक वचन लिहिलेली चिठ्ठी. ती निघाली यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि पुढचे दिवस देणारे आहेत, अशा अर्थाची. जानेवारीत त्यांनी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, उभं राहून साक्ष दिली, की हे वर्ष आपल्याला वर नेणारं आहे. फेब्रुवारीत कंपनीनं राजीनामा लिहून घेतला.

तेव्हापासून ते घरी आहेत. सियागंजातल्या एका व्यापाऱ्याकडे गोदाम सांभाळायचं काम सांगून आलं, १६,००० रुपयांचं. "हे वचनातलं नाही," म्हणून ते त्यांनी नाकारलं. व्यापारी ओळखीचा असल्यानं अजून थांबून आहे. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या फीसाठी या ताईंनी आईकडून आलेल्या दोन पाटल्या गहाण ठेवून ९०,००० रुपये उचलले, यजमानांना न सांगता. त्याच सुमारास यजमानांनी मोबाइलवर ऐकलेल्या एका प्रचारकाला ५,००० रुपयांचं 'बीजदान' पाठवलं. गुरुवारच्या बहिणींच्या प्रार्थनेत ताईंनी नाव न घेता विषय काढला, तर एक जण म्हणाली, "सारेला धीर धरवला नाही म्हणून हागार आली. घरात एकाची शंका असली की सगळ्यांचा आशीर्वाद अडतो." (बायबलमधल्या सारेनं देवानं कबूल केलेल्या मुलाची वाट न बघता आपली दासी हागार नवऱ्याला दिली, त्या गोष्टीचा हा दाखला.)

ताई विचारतात: माझा विश्वास कमी पडतोय का? हे कर्ज पाप आहे का? "नोकरी धरा" असं नवऱ्याला म्हटलं तर मी देवाच्या वचनाच्या आड येते का?

प्रिय ताई,

सलाम. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्या 'नाही'ला मात्र एक शेपूट आहे, त्याकडे पुढे येते.

आधी चिठ्ठीबद्दल. भाऊंनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, उचललेलं वचन खरं आहे. ते सोडून द्या असं मी त्यांना सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. अडचण एवढीच, की चिठ्ठीवर एक ओळ मावते आणि ही ओळ एका लांब पत्रातली आहे. यिर्मया संदेष्ट्यानं ते यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलं, नबुखद्नेस्सर राजानं धरून नेलेल्या लोकांना. इ.स.पू. ५९७ नंतरची ही गोष्ट. घरदार सुटलेलं, हातातली कामं गेलेली, परक्या मुलखात उद्याचं काही ठाऊक नाही, अशी ती माणसं. त्यांना पत्रात सर्वांत आधी काय सांगितलंय? घरं बांधा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात येतात ७० वर्षं. आणि त्यानंतर, अकराव्यात, भाऊंची चिठ्ठी.

म्हणजे हे वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या बहुतेकांनी परतीची वाट स्वतः कधी पाहिलीच नसणार. तरी ते त्यांच्यासाठी खोटं नव्हतं. देव त्यांना विसरला नव्हता, आणि तोवर जगायचं कसं हेही त्याच पत्रात लिहिलं होतं. विटा रचून, वाफे करून.

आता एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, बाबेलच्या राजाचं जू मोडलं जाईल आणि नेलेलं सगळं परत येईल. एवढंच बोलून तो थांबत नाही, बाबेलची ताबेदारी पत्करा याची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडूनही दाखवतो. लोकांना कोण आवडलं असेल ते सांगायला नको. मला या अध्यायात सर्वांत भावतं ते यिर्मयाचं पहिलं उत्तर. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. चांगलं व्हावं असं त्यालाही वाटतच होतं. पण पुढे त्याला सांगावं लागतं, की हनन्यानं या लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावलंय.

भाऊंच्या हातात चिठ्ठी यिर्मयाची आहे, ताई, आणि कॅलेंडर हनन्याचं. या वर्षात, याच पगारावर किंवा त्याहून वर, सुपरवायझरच्या खाली नाही, हे सगळं त्या ओळीत कुठेही नाही. ते आपण भरलेलं आहे. आणि आपण भरलेलं पुरं झालं नाही, की वाटतं देवानं शब्द मोडला, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी अविश्वासानं तो अडवला. दुसरं उत्तर अंगावर यायला घरात तुम्ही होतातच.

म्हणून आता तुमच्या शंकेबद्दल. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशू त्याला आधी विश्वास पुरा करून ये असं म्हणाला नाही, मुलगा बरा झाला. गुरुवारच्या त्या बहिणीचा हेतू वाईट नसेल. पण एका बाईच्या मनातल्या काळजीनं परमेश्वराचा हात अडतो असं मानलं, तर तो हात फारच अशक्त ठरतो.

तिनं काढलेल्या हागारेच्या गोष्टीबद्दलही बोलायला हवं, कारण ती गोष्ट आपल्याकडे फार निष्काळजीपणे वापरली जाते. साराय (सारेचं आधीचं नाव) आणि तिचा नवरा अब्राम यांनी मुलासाठी एका दासीचा उपयोग करून घेतला, आणि ती गरोदर राहिल्यावर तिला इतकं छळलं की ती रानात पळाली. पाप ते होतं. त्या रानात देव तिच्याकडे गेला, आणि 'मला पाहणारा देव' असं नाव त्याला त्या दासीनं दिलं. तुम्ही कुणाला वापरलंत? कुणाला घराबाहेर काढलंत? स्वतःच्या पाटल्या ठेवून मुलीची फी भरलीत. यात हागार कुठून आली, मला दिसत नाही.

कर्जाचं म्हणाल तर २ राजे, अध्याय ४ वाचा. परमेश्वराचं भय बाळगणारा एक माणूस कर्ज ठेवून मेला आणि सावकार त्याच्या दोन मुलांना गुलाम करायला दारात आला. त्याची विधवा एलीशा संदेष्ट्याकडे गेली. एलीशानं कर्ज का काढलंत म्हणून तिची झडती घेतली नाही. विचारलं, घरात काय आहे? मग शेजारच्या घरांतून रिकामी भांडी मागून आणायला लावली, आणि तेल मिळाल्यावर सांगितलं, विकून ये, देणं फेड. चमत्कार झाला, तरी बाजारात तिलाच जावं लागलं, आणि शेजाऱ्यांपुढे हात पसरायलाही.

हे सगळं भाऊंनी वाचावं असं तुम्हाला वाटेल. वाचावंच, पण तुम्ही त्यांच्यापुढे शास्त्र उघडून बसू नका. त्यांचं दुखणं वेगळ्या जागी आहे, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की ते आता रविवारी उपासना संपली की लगेच निघतात, चहाला थांबत नाहीत. माणूस नुसता हट्टी असता तर थांबला असता, दोन जणांना ऐकवलंही असतं. त्यांनी जानेवारीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, देव मला वर नेणार. आता सियागंजात पोती मोजताना मंडळीतलं कुणी भेटलं तर? त्यांना स्वतःच्या मानाची काळजी असेलच. सतरा वर्षं ज्याला लोक साहेब म्हणत आले त्याला ती असणार. पण त्याहून मोठी काळजी बहुधा ही आहे, की आपण गोदामात उभे राहिलो तर देव खोटा दिसेल. म्हणजे ते देवाची अब्रू राखत घरी बसलेत. हे लक्षात घेतलंत तर त्यांच्यावरचा तुमचा राग थोडा कमी होईल, आणि बोलायला शब्द सापडतील.

देवाला असं राखावं लागत नाही. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये प्रेषित पौल करिंथात येतो आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवायला बसतो. शिकलासवरलेला, गमलिएलासारख्या नामांकित शास्त्रगुरूच्या पायाशी बसलेला माणूस. त्याच अध्यायात, त्याच शहरात, रात्री प्रभू त्याला म्हणतो, भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. हे वचन ऐकलं तेव्हा पौलाच्या बोटांना सुईचे घट्टे असणार. नंतर तो तिथे दीड वर्ष राहिला.

कुणी म्हणेल, मग रेव्हरंड टिळकांचं काय? आपल्या मराठी घरांत हे उदाहरण निघतंच. इंदुरात उपासना हिंदीत झाली तरी घरच्या प्रार्थनेत भजन टिळकांचं असतं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. खरं आहे. पण त्यांनी सोडलं ते एका कामासाठी, काम करायला. शिवाय त्यांच्या हातात पैसा कधीच टिकत नसे, आणि त्याचा भार कुणी वाहिला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. त्या हसत हसत सांगतात म्हणून आपण हसतो. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, इतकं हसू येत नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुमच्या घराला जास्त लागू पडेल. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आपल्याच या बाजूच्या, मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुली-बायका उचलून नेल्या. पैशाची हमी कुणी दिलेली नव्हती, भरवसा देवावर. पण केडगावच्या जमिनीत त्यांनी विहिरी खोदल्या, झाडं लावली, माग बसवले, छापखाना चालवला. प्रार्थना आणि कुदळ यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

आणि ते ५,००० रुपये. इथे मी सौम्य बोलणार नाही. ज्याच्या घरात पगार येत नाही त्याच्याकडून 'पेरा म्हणजे शंभरपट मिळेल' असं सांगून पैसे घेणारा माणूस तुमचा पाळक नाही. त्याला तुमची मुलगी काय शिकते हेही माहीत नाही. असे लोक मलाखी ३:१० हमखास सांगतात, दशमांश आणा म्हणजे मी आशीर्वादाचा वर्षाव करीन, हे वचन. पाच वचनं आधी, ३:५ मध्ये, मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना, विधवा आणि अनाथांना पिळणाऱ्यांना परमेश्वर काय बजावतो, ते मात्र सांगत नाहीत. भाऊ दशमांश देत असतील तर देऊ देत, आपल्या मंडळीत, मिळेल त्यातून. मोबाइलवरच्या माणसाला यापुढे एक रुपयाही नाही, असं दोघांनी मिळून ठरवा.

आता ते शेपूट. कर्ज पाप नाही, ते लपवलंत हे मात्र तुम्हाला आतून खातंय, आणि खाल्लंच पाहिजे असं मला वाटतं. शिक्षा म्हणून नव्हे. तुमचे यजमान सध्या समजतात की फी 'कुठून तरी' भरली गेली. त्यांच्या हिशेबात तो देवानं केलेला चमत्कार आहे, वचन खरं होत असल्याची खूण आहे. तुमच्या गप्प राहण्यानं त्यांची समजूत घट्ट होतेय. ज्या थांबून राहण्याचा तुम्हाला त्रास होतोय, त्याला तुमच्याच पाटल्या टेकू देतायत.

म्हणून माझ्या मते सुरुवात इथून. गप्प राहून वाट बघणं हा एक मार्ग तुमच्यापुढे आहे, पण व्याज गप्प राहत नाही. दुसरा मार्ग अटीचा, "नोकरी धरा नाहीतर मी माहेरी जाते." त्यानं कदाचित ते उद्या सियागंजात जातील, पण पुढची दहा वर्षं त्या नोकरीचा दोष तुमच्या नावावर लागेल. तिसरा, आधी पाळकसाहेबांना सांगायचं. हा बरा आहे, पण पहिला नको. बायकोच्या पाटल्यांची गोष्ट पाळकाकडून कळली तर भाऊंना ती मंडळीत गेल्यासारखीच वाटेल.

आधी तुम्ही सांगा. रविवार नको, प्रार्थना संपल्या संपल्या नको. आणि कृपा करून प्रार्थनेतूनच सांगू नका. "हे प्रभू, माझ्या पतीला सद्बुद्धी दे" असं मोठ्यानं म्हणत एकमेकांना टोमणे मारणारी जोडपी आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्या प्रार्थनेत प्रभूशी कुणी बोलत नसतं. मुलगी घरी नसताना, जेवणं झाल्यावर, सरळ सांगा: "फी मी भरली. आईच्या पाटल्या ठेवल्या. तुम्हाला न सांगता ठेवल्या ते चुकलं. फी भरली ते चुकलं नाही." मग थांबा. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल. गोल्ड लोनची पावती त्यांच्या समोर ठेवा, रक्कम, व्याजाचा दर, मुदत, सगळं दिसू दे.

दोन दिवसांनी दुसरं बोलणं, आणि तेव्हा यिर्मया ३२ उपयोगी पडेल, भांडायला नव्हे, बरोबर वाचायला. हा अध्याय चिठ्ठ्यांवर फारसा येत नाही. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि देव त्याला सांगतो, अनाथोथातलं चुलतभावाचं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणार असलेली जमीन. एक दिवस या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, ही त्यामागची खूण. यिर्मयानं काय केलं? १७ शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. देवाच्या वचनावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाची ही कागदपत्रं बघा. आणि सगळं झाल्यावर तोच यिर्मया प्रार्थनेत म्हणतो, प्रभू, समोर वेढ्याचे मोर्चे दिसतायत आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! कोडं त्यालाही सुटलेलं नाही. पण खत सही होऊन भांड्यात गेलेलं आहे.

तुमच्या घरातलं असं खत म्हणजे ग्रॅच्युइटीचा अर्ज. तुम्ही लिहिलंय, भाऊंनी तो केलाच नाही, "पैशासाठी कंपनीच्या मागे काय लागायचं, प्रभू बघेल" म्हणून. ताई, प्रभूनं बघितलेलं आहे. मजुरीबद्दल तो काय म्हणतो ते मलाखीत आत्ताच वाचलंत. सलग पाच वर्षं सेवा झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, २६ नं भागून. समजा हे दोन्ही मिळून १८,००० असतील, तर १७ वर्षांचे साधारण १,७६,५०० रुपये होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत ते देणं कंपनीवर बंधनकारक असतं. अर्जाला उशीर झाला एवढ्यावरून हक्क बुडत नाही. हा अर्ज करणं म्हणजे भीक मागणं नव्हे, आणि अविश्वास तर नाहीच. सतरा वर्षांची मजुरी आहे ती.

पीएफला शक्यतो शेवटी हात लावा. दहा वर्षांवर सेवा झाल्यानं ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क आहे, त्याची कागदं सांभाळा. कंपनीचा आरोग्य विमा मात्र नोकरीबरोबर गेला असणार, ते आधी तपासा. घरात पन्नाशीला आलेली दोन माणसं आहेत.

गोदामाच्या नोकरीबद्दल भाऊंची बाजूही ऐकून घ्या, कारण त्यात तथ्य असू शकतं. क्वालिटीतला अनुभवी माणूस एकदा त्या कामातून बाहेर पडला की पिथमपूरची दारं हळूहळू बंद होतात, ही भीती अगदीच पोकळ नाही. म्हणून 'कायमचं तिकडेच' असं न ठेवता सहा महिन्यांची बोली करा. व्यापाऱ्याला सरळ विचारा, आठवड्यात एक दिवस मुलाखतीसाठी मिळेल का. ओळखीचा आहे, बहुधा देईल. जुन्या सहकाऱ्यांना, माल तपासणीची कंत्राटी कामं करणाऱ्यांना भाऊंनी फोन करावेत. चिठ्ठी पाकिटात राहू दे, त्याच पाकिटात पहिला पगारही येऊ दे. आणि समजा त्यांनी गोदाम नाकारलंच, तर निदान तारीख ठरवा: अमुक दिवसापर्यंत दुसरं काही हाती आलं नाही तर जे मिळेल ते. ही तारीख तुमच्या घरातल्या पैशांना घातलेली असेल. देवाला मुदत घालायची नाही. हा फरक भाऊंना स्पष्ट करून सांगा, नाहीतर ते म्हणतील, तू प्रभूची परीक्षा बघतेस.

परीक्षा बघण्याचा विषय निघालाच तर मत्तय ४ आठवा. मंदिराच्या शिखरावर सैतानानं येशूला काय ऐकवलं? शिवी नाही, धमकी नाही. स्तोत्र ९१, देवदूत तुला हातांवर झेलतील, हे अभिवचन. आणि त्याच्या भरवशावर येशूनं खाली उडी घ्यावी असं त्याला हवं होतं. येशूनं ते स्तोत्र खोटं ठरवलं नाही. फक्त उडी मारली नाही, आणि पायऱ्या उतरणं हा त्याचा अविश्वास ठरला नाही.

हे आजारपणातही तितकंच लागू आहे, म्हणून इतर वाचकांसाठी दोन ओळी. 'बरं होण्याचं वचन मिळालंय' म्हणून इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटचं औषध बंद केलेली माणसं मंडळ्यांमध्ये आहेत. २ राजे, अध्याय २० मध्ये हिज्कीया राजाला १५ वर्षांचं आयुष्य वाढवून दिल्याचं वचन आधी मिळतं, आणि लगेच पुढे यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचं पोटीस आणून गळवावर बांधा. वचन मिळाल्यावर औषध लावलंय. ज्यांनी औषध बंद केलंय त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करावा.

पाळकसाहेबांकडे आता जा, भाऊंना विचारून, जमल्यास दोघं मिळून. त्यांना सांगा की भाऊंनी जानेवारीत साक्ष दिली होती आणि आता त्यांना लोकांपुढे यायला जड जातंय. चांगला पाळक घरी येईल, चहा घेईल आणि उपदेश कमी करेल. चिठ्ठ्या तयार करणाऱ्या मंडळींनाही या निमित्तानं एक विनंती. योहान १६:३३ मधलं वाक्य, जगात तुम्हाला क्लेश होतील, हाही प्रभूचाच शब्द आहे. तो कुणाच्या चिठ्ठीवर निघालेला मी अजून पाहिलेला नाही. पुढल्या डिसेंबरमध्ये चिठ्ठी उचलू की नको असं तुम्ही विचारलंय. उचला की. घरी आल्यावर तो अख्खा अध्याय दोघांनी वाचा म्हणजे झालं.

गुरुवारच्या प्रार्थनेत जाणं थांबवू नका. त्या बहिणीशी वादही नको. पुन्हा तसं काही बोलली तर एवढंच म्हणा, "माझ्यासाठी प्रार्थना कर, कारण मला भीती वाटते." यावर बहुतेक माणसांचा उपदेश थांबतो. आणि तिथे अशी एखादी तरी असेलच, जिच्या घरीही पगार बंद झालाय आणि जी बोलत नाही. तिच्याजवळ बसा.

ग्रॅच्युइटीचा अर्ज या आठवड्यात जाऊ दे. दोन प्रती करा, एकीवर कंपनीची पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याची प्रत, सगळं एका फाइलमध्ये. पैसे आले तर आधी गोल्ड लोन, मग मुलीची पुढची फी, मग बाकीचं. महिन्याभरात कंपनीचं काय उत्तर येतं ते मला कळवा. टाळाटाळ केली तर कामगार खात्याकडे जायचं, तो अर्ज कसा लिहायचा ते तेव्हा बघू.